रिबॉयलरच्या कंडेन्सेटचा कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी पॉटची लेव्हल चढतेच

मांजराकाठ

राम राम मंडळी. धाराशिव जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत इन्स्ट्रुमेंट बघतो. रेक्टिफायर कॉलमच्या रिबॉयलरला (कॉलमच्या तळाचं द्रव उकळवणारा हीटर) साडेतीन किलो दाबाची वाफ आहे, पूर्ण लोडला ताशी ६ टन. खाली कंडेन्सेट पॉट (वाफ विरून झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, इथे जमतं), त्यावर लेव्हल ट्रान्समीटर, आणि पॉटच्या खालच्या लाइनवर लेव्हल कंट्रोल व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह २५ एनबी (पाइपचं नाममात्र माप, मिलिमीटरमध्ये) ग्लोब, लिनियर ट्रिम (आतला प्लग आणि सीट), सीव्ही (व्हॉल्व्हची वहनक्षमता) ६, डब्ल्यूसीबी (साधं कार्बन स्टील) बॉडी. व्हॉल्व्हच्या आधी आणि नंतर लाइन ५० एनबी. व्हॉल्व्हनंतर लाइन ६ मीटर चढून पाइप रॅकवर जाते आणि तिथून बॉयलर हाउसच्या फीड वॉटर टँकला. टँक वरून उघडा.

निम्म्या लोडपर्यंत सगळं सुरळीत. त्यापुढे व्हॉल्व्ह १०० टक्के उघडा, तरी लेव्हल चढतच जाते, रिबॉयलर बुडतो आणि कॉलमचं तापमान पडतं. मग ऑपरेटर बायपास दोन फेरे उघडतात. लोड उतरला की बायपास बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही, पॉट रिकामा होतो आणि जिवंत वाफ थेट टँकमध्ये. रॅकवरची लाइन तर अशी ठोकते की रात्रपाळीचा माणूस तिच्याखालून जात नाही.

सप्लायरच्या कॅल्क्युलेशन शीटमध्ये सगळं गोड दिसतं. दाबाचा फरक साडेतीन किलो, लागणारा सीव्ही ३.८, उघडीप ६३ टक्के. मग अडतंय कुठे? ४० एनबीचा व्हॉल्व्ह मागवू की ५०?

शेंद्रा_पायपिंग

लाइन ५० ची आहे, ५० चा व्हॉल्व्ह बसवा.

वाफेवरचा

थांबा, खरेदीची घाई नको. आधी चार गोष्टी सांगा. पॉटमधल्या पाण्याच्या पातळीपासून व्हॉल्व्ह किती खाली आहे? व्हॉल्व्हच्या आधी स्ट्रेनर (कचरा गाळणारी जाळी) आहे का? रिबॉयलरच्या वाफेवर वेगळा कंट्रोल व्हॉल्व्ह आहे का? आणि पॉटच्या डोक्यावरून रिबॉयलरच्या शेलला (ट्यूबभोवतीचा वाफेचा भाग) बॅलन्स लाइन, दोन्हींचा दाब सारखा ठेवणारी, जोडलेली आहे का?

मांजराकाठ

व्हॉल्व्ह पातळीच्या २ मीटर खाली. आधी वाय स्ट्रेनर आहे. वाफेवर फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह आहे, लोड कमी झाला की शेलचा दाब एक किलोच्याही खाली येतो. बॅलन्स लाइन २५ एनबीची आहे.

वाफेवरचा

चित्र स्पष्ट झालं. वेळ काढून लिहितो, कारण हे दुखणं वाळूजच्या औषध कंपन्यांपासून नांदेडच्या साखर कारखान्यांपर्यंत सगळीकडे आहे आणि प्रत्येक ठिकाणी दोष लेव्हल ट्रान्समीटरला दिला जातो.

शीटमधली चूक एकाच आकड्यात आहे. साडेतीन किलोचा फरक. थंड पाणी असतं तर तो आकडा बरोबर होता. पण तुमच्या पॉटमधलं पाणी वाफेच्याच तापमानाला आहे, म्हणजे १४८ अंशांच्या आसपास. त्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब (ज्या दाबाला ते उकळतं तो) ४.५ बार ॲब्सोल्यूट, आणि त्याच्यावर असलेला दाबही ४.५ बारच (गेजवरचे साडेतीन अधिक हवेचा एक). ते उकळायला टेकलेलं आहे. व्हॉल्व्हच्या तोंडाशी त्याच्याकडे जास्तीचं भांडवल किती? फक्त २ मीटर उंचीचं वजन, ०.१८ बार. पाइप आणि स्ट्रेनरने खाल्लेलं वजा करून ०.१५ धरू. व्हॉल्व्हच्या आधी ४.६५ बार झाले.

आता व्हॉल्व्हच्या सीटपुढे जो सगळ्यात अरुंद गळा असतो, तिथे दाब बाष्पदाबाच्या थोडा खाली गेला की पाण्याची वाफ होऊ लागते आणि गळा तुंबतो. त्यानंतर पुढचा दाब कितीही खाली न्या, एक लिटरही जास्त जात नाही. हा तुंबण्याचा आकडा आयईसी ६०५३४ मध्ये असा काढतात: व्हॉल्व्हचा एफएल (त्याच्या बनावटीनुसार ठरणारा आकडा) वर्ग करून घ्या, त्याला (आधीचा दाब उणे एफएफ गुणिले बाष्पदाब) याने गुणा. एफएफ म्हणजे ०.९६ उणे ०.२८ गुणिले (बाष्पदाब भागिले २२१) याचं वर्गमूळ. तुमच्यासाठी एफएफ ०.९२ येतो. ग्लोब व्हॉल्व्हचा एफएल ०.९ धरला तर ०.८१ गुणिले (४.६५ उणे ४.१४), म्हणजे ०.४१ बार.

साडेतीनऐवजी ०.४१. बाकीचा फरक गेजवर दिसतो, पण प्रवाह वाढवायला तो उपयोगी पडत नाही.

आता हिशेब परत करा. ६ टन भागिले घनता ९१९, म्हणजे ताशी ६.५ घनमीटर. पूर्ण फरक धरून केव्ही (सीव्हीसारखीच क्षमता, मेट्रिक एककात) येतो ३.३. तुंबणारा फरक धरून येतो ९.७. सीव्ही हवा तर १.१६ ने गुणा: ३.८ आणि ११.३. तुमचा सीव्ही ६ चा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ताशी जेमतेम ३.२ टन सोडेल. तुम्ही म्हणालात निम्म्या लोडपर्यंत ठीक चालतो. जुळलं का?

आणि स्ट्रेनर जरा भरला की तो ०.१५ चा आधारही जातो. शून्य धरून केव्ही साडेअकराच्या वर जातो. स्ट्रेनरमध्येच फ्लॅश (दाब उतरल्याने पाण्याची वाफ होणं) सुरू झाली तर त्याहून वाईट. म्हणून स्ट्रेनर लाइनच्या मापापेक्षा एक माप मोठा घ्या, जाळी फार बारीक नको, आणि तो साफ करायचा दिवस ठरवून टाका.

गाळप_हंगाम

साहेब, गणित मान्य. पण पुढच्या गेजवर शून्य आणि मागच्या गेजवर साडेतीन दिसतंय. मग मधला तीन बार जातो कुठे?

वाफेवरचा

गळ्याच्या पुढे जातो. पाण्यातून वाफ सुटते, ती फुगते, तिला वेग येतो, आणि ती व्हॉल्व्हची बॉडी, पुढचा रेड्युसर आणि पहिला एल्बो खरवडते. मांजराकाठ, शटडाउनला व्हॉल्व्हनंतरच्या पहिल्या एल्बोच्या बाहेरच्या वळणाची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घ्या.

शेंद्रा_पायपिंग

मी ५० चा व्हॉल्व्ह म्हणालो ते उगाच नाही, कारण सांगतो. ६ टन कंडेन्सेट साडेतीन किलोवरून उघड्या टँकच्या दाबाला आलं की त्यातलं ९ टक्के वाफ होतं. ६२३ उणे ४१९, भागिले २२५७, हे वाफेच्या तक्त्यातले किलोज्यूल. म्हणजे ताशी ५४० किलो वाफ. वातावरणाच्या दाबाला किलोभर वाफ १.६७ घनमीटर जागा घेते. ताशी ९०० घनमीटर झाले. व्हॉल्व्हच्या आधी साडेसहा होते.

५० च्या पाइपात याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. प्रत्यक्षात लाइन स्वतःच दाब धरून ठेवते म्हणून तेवढा दिसत नाही, पण ठोकण्याचं मूळ तेच. फ्लॅशच्या लाइनला मी सेकंदाला २० मीटर धरतो. त्याला १२५ मिलिमीटर लागतात, म्हणजे बाजारात मिळणारा १५० एनबी. आधी ५०, नंतर १५०. हे सांगितलं की खरेदीवाले माझ्याकडे संशयाने बघतात.

म्हणून व्हॉल्व्हची बॉडी ५० ची किंवा चक्क ८० ची घ्या आणि आत ट्रिम कमी सीव्हीची टाका. ट्रिम हिशेबाने, बॉडी बाहेर पडणाऱ्या वाफेच्या मापाने. २५ च्या बॉडीतून हे सगळं काढायला गेलात तर सहा महिन्यांत आतून चाळणी.

वाफेवरचा

पूर्ण सहमत. केव्ही १२ ते १४ ची ट्रिम, ५० ची बॉडी. मग ६ टनाला ती ७० ते ८० टक्क्यांवर येईल आणि वर थोडा वाव राहील. याहून मोठी ट्रिम घेऊ नका, नाहीतर कमी लोडला सीट चिकटवूनच चालवावी लागेल. लिनियर बरोबर आहे, पॉटच्या लेव्हलला तीच लागते.

वाफ_सावकार

एवढी उठाठेव कशाला? मोठा फ्लोट ट्रॅप (वाफ अडवून पाणी आपोआप सोडणारा) लावा. हवा नको, पोझिशनर नको, ट्यूनिंग नको.

वाफेवरचा

लहान हीटरला मीही तेच सांगतो. ६ टनालाही चालेल इतका मोठा फ्लोट ट्रॅप मिळतो. गंमत अशी की ट्रॅपच्या कॅटलॉगमधली क्षमता ही वाफेच्या तापमानाच्या कंडेन्सेटसाठीच दिलेली असते, म्हणजे फ्लॅशची वजाबाकी आधीच झालेली असते. म्हणून ट्रॅप निवडणारा या खड्ड्यात पडत नाही आणि व्हॉल्व्ह निवडणारा पडतो. पण रिबॉयलरची लेव्हल डीसीएसवर (कंट्रोल रूमच्या संगणकावर) दिसायला हवी, अलार्म हवा, आणि पुढे कधी लेव्हल वरखाली करून ट्यूबचं क्षेत्र कमी-जास्त करायचं असेल तर व्हॉल्व्हच हवा. दोन्ही एकामागे एक मात्र लावू नका, दोघेही एकमेकांशी भांडत बसतात.

नांदेडकर_मेंटेनन्स

व्ही-नॉच बॉल व्हॉल्व्ह का नाही? कचरा अडकत नाही, मोठ्या सीव्हीला स्वस्त पडतो.

वाफेवरचा

चालतो, पण त्याचा एफएल ०.६ च्या आसपास. तुंबणारा फरक ०.४१ वरून ०.१८ वर येतो आणि लागणारा केव्ही १४-१५ होतो. ९.७ धरून बॉल व्हॉल्व्ह घेतलात तर परत इथेच धागा काढाल. अँगल व्हॉल्व्हचंही तसंच, वरून खाली प्रवाह असेल तर एफएल कमी धरावा लागतो. ज्याचा व्हॉल्व्ह त्याचाच एफएल मागून घ्या.

औसा_रोड

लातूरहून लिहितोय. तुमचं केव्ही-सीव्ही चालू द्या, पण मला एक सांगा, ती ५४० किलो वाफ उघड्या टँकच्या व्हेंटमधून आभाळात जायलीय ना? रोज १३ टन होते बगा. पाच हजार लिटरचे अडीच टँकर. आमच्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, अन् इथं आरओ करून, रसायन टाकून, तापवून तयार केलेलं पाणी कावळ्याला पाजायलेत. मॅनेजमेंटला हा हिशेब दाखवा, पैसा लगेच सुटंल. व्हॉल्व्हचा नाही सुटणार.

मांजराकाठ

हाव दादा, हा मुद्दा कामाचा आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतातच. फ्लॅश व्हेसलचा (फ्लॅशची वाफ पाण्यापासून वेगळी करणारी टाकी) विचार मागे झाला होता, "जागा नाही" म्हणून राहिला.

वाफेवरचा

जागा काढा, कारण खरा उपाय तिथेच आहे. व्हॉल्व्ह किती मोठा याच्याइतकाच तो कुठे आहे हा प्रश्न मोठा आहे, आणि तुमचा व्हॉल्व्ह चुकीच्या टोकाला बसलाय.

नियम एवढाच: फ्लॅश जिथे व्हायला हवी तिथे व्हॉल्व्ह न्या. व्हॉल्व्हच्या आधीच्या लांब लाइनमधून पाणीच जावं आणि नंतर वाफ-पाणी जाणारा तुकडा आखूड, सरळ आणि जाड असावा. व्हॉल्व्ह फ्लॅश व्हेसलच्या नोझलला जवळपास चिकटवा. मध्ये एल्बो आणू नका, आणावाच लागला तर टी लावून तिचं सरळ टोक ब्लाइंड करा, मार ब्लाइंडवर बसेल. व्हॉल्व्हनंतर चढ तर मुळीच नको. तुमच्या लाइनचा ६ मीटर चढ हीच ठोकण्याची जागा: पाणी खाली साचतं, मागून वाफ येऊन त्याचा गोळा ढकलते, तो वरच्या एल्बोवर आदळतो.

पण व्हेसल दूर नेऊन व्हॉल्व्हच्या आधीची लाइन वर चढवली तर? तर चढात दाब बाष्पदाबाखाली जाईल आणि फ्लॅश व्हॉल्व्हच्या आधीच होईल. म्हणून व्हेसल रिबॉयलरच्या पॉटजवळ, खालच्या पातळीला ठेवा. फ्लॅश स्टीम जवळच्या कमी दाबाच्या गरजेला द्या, वॉश (आंबवलेलं द्रव) प्रीहीटरला किंवा डीएरेटरला (बॉयलरच्या पाण्यातली हवा काढणारी टाकी). खाली उरलेलं पाणी पंपाने रॅकवर चढवा.

शेंद्रा_पायपिंग

व्हेसल एक किलोवर चालवली तर माझा १५० चा पाइपही लहान होतो. साडेतीनवरून एक किलोला फ्लॅश सव्वापाच-साडेपाच टक्केच होते आणि वाफेचा आकारही निम्मा. १०० एनबी पुरेल, कदाचित ८० सुद्धा. पण एक किलोची वाफ घेणारा कायमचा गिऱ्हाईक हवा, नाहीतर दाब धरून काय उपयोग.

मांजराकाठ

आणि कमी लोडला? तेव्हा शेलमध्येच ०.८ किलो उरतो.

वाफेवरचा

तीच दुसरी अडचण, आणि ती मोठ्या व्हॉल्व्हने सुटत नाही. वाफेवर कंट्रोल व्हॉल्व्ह असलेल्या हीटरचा लोड उतरला की शेलचा दाब उतरतो. समोर ६ मीटर चढ म्हणजे अर्ध्या बारच्या वर. त्यात रॅकवरच्या लाइनचा अडथळा. दाब संपला की कंडेन्सेट जागीच उभं राहतं, याला स्टॉल म्हणतात. व्हेसल एक किलोवर ठेवली तर ०.८ किलोच्या शेलमधून तिच्यात पाणी जाणारच नाही. म्हणून शेंद्राभाऊंचा एक किलोचा सल्ला तुमच्या रिबॉयलरला लागू नाही. व्हेसल ०.२-०.३ किलोवर ठेवा, डीएरेटरच्या दाबाला.

दुसरा मार्ग जागाच नसेल तर: पॉटच्या खालीच गरम पाण्याचा पंप, आणि कंट्रोल व्हॉल्व्ह पलीकडे डीएरेटरच्या तोंडाशी. पंपाने दाब चढवला की पूर्ण लाइनभर पाणी पाणीच राहतं, फ्लॅश फक्त शेवटी. जुनी ५० ची लाइनही चालून जाते. पण पंपाला सक्शनवर उंची लागते, उकळत्या पाण्यात एनपीएसएच (पंपाच्या तोंडाशी पाणी उकळू नये म्हणून लागणारा जास्तीचा दाब) म्हणजे फक्त उंचीच, आणि कमी प्रवाहाला रिसायकल लाइन लागते. मोटरचा पंप घ्यायचा नसेल तर वाफेवर चालणारा पंप बघा.

नांदेडकर_मेंटेनन्स

व्हॉल्व्हआधीच्या पाइपचं इन्सुलेशन काढलं तर पाणी थोडं थंड होऊन फ्लॅश कमी होत नाही का? आमचे एक सर असंच सांगतात.

वाफेवरचा

कल्पना चुकीची नाही, आकडा चुकतो. खरंच ५ अंश उतरले तर लागणारा केव्ही ९.७ वरून ७ च्या खाली येतो, इतका फरक पडतो. पण ६ टन पाण्याचे ५ अंश म्हणजे ३५ किलोवॅटच्या आसपास. ५० च्या उघड्या पाइपचा १० मीटर तुकडा ३ किलोवॅट टाकतो. अर्धा अंशही उतरत नाही, आणि हात भाजायची सोय होते. थंड करायचंच तर प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये करा आणि ती उष्णता मेक-अपच्या (नव्याने भरायच्या) पाण्याला द्या.

गाळप_हंगाम

मटेरियलचं बोला. आमच्याकडे इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीच्या कंडेन्सेटवर डब्ल्यूसीबी बॉडी दोन हंगामांत आतून खाल्ली गेली होती.

शेंद्रा_पायपिंग

फ्लॅशला डब्ल्यूसीबी टाळा. डब्ल्यूसी९, क्रोम-मॉलिब्डेनम. नाहीच मिळाली तर एसएस बॉडी. प्लग आणि सीटला नुसतं ३१६ मऊ पडतं, स्टेलाइट चढवून घ्या किंवा ४१०/४२० कडक केलेलं. आणि कुणी अँटी-कॅव्हिटेशन ट्रिम गळ्यात मारायला आला तर हात जोडा. पुढचा दाब बाष्पदाबाच्या वर असतो तेव्हा बुडबुडे फुटतात, ते कॅव्हिटेशन, तिथे ती ट्रिम लागते. इथे पुढचा दाब खालीच राहतो, बुडबुडे फुटतच नाहीत. त्या बारीक भोकांत फक्त गंज अडकेल.

गाळप_हंगाम

अन् मांजराकाठ, कंडेन्सेट बॉयलरला परत घेताय तर कंडक्टिव्हिटी मीटर आणि डंप व्हॉल्व्ह लावा. आम्ही साखरेसाठी अल्फा नॅफ्थॉलची टेस्ट दर पाळीला करतो. तुमच्याकडे ट्यूब फुटली अन् शेलचा दाब ट्यूबपेक्षा कमी असला की कॉलमच्या तळाचं द्रव बॉयलरमध्ये.

मांजराकाठ

डंप व्हॉल्व्ह आहे, चालू स्थितीत आहे का ते बघतो. शेवटचे दोन प्रश्न. हवा गेली तर व्हॉल्व्ह उघडा राहावा की बंद? आणि ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन पाण्याने केलंय, ते ठीक?

वाफेवरचा

माझं मत बंद. उघडा राहिला तर साडेतीन किलोची वाफ सुटून व्हेसलच्या सेफ्टी व्हॉल्व्हपर्यंत जाते, तुमच्या आजच्या मांडणीत तर माणसं जवळ उभी असलेल्या उघड्या टँकमध्ये. बंद झाला तर रिबॉयलर बुडेल, कॉलम थंड होईल, उत्पादन थांबेल.

शेंद्रा_पायपिंग

इथे मतभेद. बुडालेला रिबॉयलर परत चालू करताना ऑपरेटर निचरा न करता वाफ सोडतो आणि ट्यूबशीट हलते. मी उघडा ठेवतो, पण वाफेचा व्हॉल्व्ह त्याच हवेवर बंद होणारा घेतो.

वाफेवरचा

वाफेचा व्हॉल्व्ह बंद होणारा असेल तर तुमचंही चालेल. तो तसा आहे का, हे आधी साइटवर तपासा, ड्रॉइंगवर नाही.

ट्रान्समीटर: डीपी (दाबाच्या फरकावरून लेव्हल मोजणारा) प्रकारचा असेल तर थंड पाण्याची घनता १०००, तुमची ९१९. १०० टक्के भरलेला पॉट ९२ दाखवेल. रेंज गरम घनतेवर टाका आणि बाहेरच्या लेगमधलं पाणी थंड राहतं हे धरून त्याची घनता वेगळी घ्या. २५ ची बॅलन्स लाइन कुठे खाली झोळ खाऊन पाणी धरत नाही ना, तेही बघा. ती तुंबली तर वरचं कुठलंच गणित लागू नाही.

मांजराकाठ

उद्या चौकशीपत्र जातंय. प्रवाह ताशी १.५ ते ६ टन, आधीचा दाब ४.६५ बार ॲब्सोल्यूट, तापमान १४८, बाष्पदाब ४.५, पुढचा दाब १.२. कमी, मधल्या आणि पूर्ण अशा तिन्ही लोडला वेगळी उघडीप, एफएल आणि तुंबणारा फरक शीटवर लिहून मागितलाय. बॉडी ५०, डब्ल्यूसी९, कमी केलेली ट्रिम, लिनियर. आधीच्या बाजूला एक्सेंट्रिक रेड्युसर, सपाट बाजू वर. व्हेसलसाठी पॉटच्या मागे जुन्या केमिकल डोसिंगची जागा सापडली आहे, दीड मीटर गुणिले दोन. बायपासच्या ग्लोब व्हॉल्व्हला साखळी आणि कुलूप आजच घातलं.

औसा_रोड

कुलूप घातलं ते बरं केलं, पण चावी कंट्रोल रूममध्ये ठेवा. पूर्ण लोडला जुना व्हॉल्व्ह पुरणारच नाही, अन् नवा यायला वेळ लागंल. तोवर लोड चार टनाखाली तरी ठेवा, नाहीतर रात्रपाळी कुलूप तोडते.

वाफेवरचा

चार नाही, तीन. सीव्ही ६ ला तेवढंच जातं.